जव्हार ते मोखाडा, व्हाया पु. ल.

जव्हारच्या पाचबत्ती नाक्यावर गाडी बाजूला घ्या आणि पेनड्राइव्ह लावा. त्यावर पु. ल. देशपांडे आहेत, सालवार. चित्रपटातली गाणी, भावगीतं, कथाकथन, नाटकातली पदं, भाषणं, कवितावाचन, सगळं घडलं त्या क्रमाने लावलेलं. असा संच दुकानात मागितला तर मिळत नाही. गाणी एकीकडे, कथाकथनं दुसरीकडे, भाषणं आणखी तिसरीकडे, असा सगळा पसारा. म्हणून तुम्ही तो स्वतःच जमवलात. फाल्गुन सरत आलाय, उतारावरचा पळस अजून पेटलेला आहे आणि रात्री मोखाड्यात सोंगांचा बोहाडा आहे. मधे पंचवीसेक किलोमीटरचा वळणांचा रस्ता. एका आयुष्याला एवढी वाट पुरायची नाही, पण जिथे साल बदलेल तिथे गाडी थांबवून उतरायचं, एवढं ठरवलंय.

अमेरिकेत रँडी न्यूमनच्या वाट्याला असा संच आला. १९९८ साली त्याची तीस वर्षांची कारकीर्द चार सीडींच्या एका पेटीत निघाली. उपरोधाने भरलेली गाणी लिहिणारा, ती स्वतः पियानोवर बसून गाणारा आणि 'टॉय स्टोरी'सारख्या चित्रपटांना संगीत देणारा हा माणूस. त्या पेटीत त्याची गाणीही आहेत आणि चित्रपटसंगीतही. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीत अशा पेटीवर पहिला हक्क पु. लं.चा आहे, आणि ती पेटी विनोदाच्या आणि संगीताच्या दोन कप्प्यांत विभागली तर त्यांचं मर्म हाताला लागणार नाही. हे नुसतं वाचून पटायचं नाही, क्रमाने ऐकायला हवं. बटण दाबा.

पाचबत्तीवरच्या रिक्षा, मोबाइलची दुकानं, रांगेने लावलेल्या मोटारसायकली दिसेनाशा होतात. साल १९४८. मुकण्यांचं संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात जमा होतंय. जयविलास राजवाड्याचा दगड अजून कोरा करकरीत दिसतो. राजे यशवंतराव मुकणे महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते, आता त्यांचं राज्य कागदोपत्री संपतंय. एस.टी. इथवर पोचलेली नाही. ती मुळात याच वर्षी १ जूनला पुणे–नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली. खाली डहाणू-तलासरीकडे गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारल्यांनी वेठ झुगारून दिली, त्याला तीनच वर्षं झालीत. बाजारात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई तुमच्यासमोरून जाते. तिच्या कानावर मराठी सिनेमाचं गाणं अजून पडलेलं नाही.

तिकडे अठ्ठावीस वर्षांचा एक पार्लेकर चित्रपटाच्या दुनियेत शिरलाय. आदल्या वर्षी 'कुबेर'मध्ये दिसला, या वर्षी 'वंदे मातरम्'मध्ये पत्नी सुनीताबाईंबरोबर काम केलं. हातात बाजाची पेटी आहे. लहानपणी भास्कर संगीतालयात दत्तोपंत राजोपाध्यांकडे शिकलेली पेटी. ती पेटी पुढे पन्नास वर्षं त्याच्या सोबत राहणार आहे, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच निघालंय, हे तुम्हाला मोखाड्यापर्यंत पटेल.

आता गाडी काढा. गाव मागे पडतं. सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचं पठार, मोहाची झाडं, उतारावर भाताची मोकळी खाचरं. खरखर ऐकू येते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. १९५०चा 'देव पावला'. गदिमांचे शब्द आणि माणिक वर्मांचा आवाज. 'कबीराचे विणतो शेले' हे गाणं आज देवळादेवळांतून भजन म्हणून म्हटलं जातं. ते चित्रपटातलं आहे आणि त्याची चाल ज्या हातांनी बांधली त्याच हातांनी 'बटाट्याची चाळ' लिहिली, हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असेल? तीन मिनिटांत एक माणूस उभा करायचा, त्याची श्रद्धा उभी करायची आणि सुई कडेला पोचायच्या आत बाजूला व्हायचं. पुढे शब्दचित्रांतही पु. लं.नी हेच केलं. फरक एवढाच की तिथे सूर नव्हते.

मोरचोंडी आली. इथे थांबा. साल १९५३, आणि या साली तुम्हाला जरा जास्त वेळ काढायचाय.

हे त्यांच्या कारकिर्दीतलं विलक्षण वर्ष. राम गबाले यांच्या 'देवबाप्पा'ला त्यांचं संगीत. 'गुळाचा गणपती'मध्ये तर कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाचं काम, सगळं त्यांचंच. 'सब कुछ पु. ल.' हे शब्द तेव्हापासून रुळले. 'देवबाप्पा'तल्या 'नाच रे मोरा'साठी आशा भोसले उभ्या राहिल्या तेव्हा त्या विशीच्या आसपास होत्या. गाणं गदिमांचं. आता कान देऊन ऐका. चालीत कुठे अवघड हरकत नाही, उंच उडी नाही. लहान मुलाचा गळा जेवढा वर जातो तेवढीच चाल वर जाते आणि पटकन खाली येऊन उभी राहते. शब्द टाळीवर पडतात. गाणारी बाई मोठी आहे, पण चाल पोराची आहे. पु. लं.नी ती पोराच्या गळ्याच्या मापाने बेतलीय, गायिकेच्या ताकदीच्या मापाने नाही. म्हणून सत्तर वर्षांनंतरही ती बालवाडीत, आश्रमशाळेच्या ओट्यावर, संमेलनाच्या तालमीत सहज उचलली जाते. मोठ्या गायिकेकडून कमी गाऊन घ्यायचं, हे संगीतकाराला सहजी साधत नाही. त्याला दुसऱ्याच्या जागी जाऊन ऐकावं लागतं.

त्याच वर्षाचा दुसरा ट्रॅक लावा. 'गुळाचा गणपती'तलं 'इंद्रायणी काठी'. भीमसेन जोशी एकतीस वर्षांचे. शब्द पुन्हा गदिमांचे. ऐकणाऱ्याला वाटतं हा तुकोबांच्या गाथेतलाच अभंग, कारण चालीने वारकरी भजनाची वाट सोडलेली नाही. ठेका टाळाचा, ओळ परत परत येणारी, आणि मग एकाएकी भीमसेनांच्या आवाजाला मोकळं सोडून दिलेलं. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबककडे चालत निघतात, तेव्हा या डोंगरांतूनही टाळ घुमतो. दिंडीत कुणी हे गाणं धरलं तर ते सिनेमाचं म्हणून कुणी अडवत नाही. जोडे कुठे काढायचे, हे त्या चालीला ठाऊक आहे. आणि ती बांधणारा माणूस त्याच चित्रपटात एका भाबड्या, स्वप्नाळू नाऱ्याचं काम करून लोकांना हसवतोय! ही दोन कामं एकाच आठवड्यात एकाच डोक्यात चाललेली असणार. इथे खिडकी उघडी ठेवून दोन्ही ट्रॅक पुन्हा एकदा ऐका. घाई नाही.

पुढच्या वळणाआधीच पु. ल. चित्रपट सोडतात. हा तुकडा झटपट पार करू. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापकी, मग आकाशवाणी, बीबीसीचं प्रशिक्षण, दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात. चाली मात्र थांबत नाहीत. राजा बढे यांचं 'माझिया माहेरा जा' ज्योत्स्ना भोळ्यांच्या गळ्यात, पाडगावकरांचं 'माझे जीवनगाणे' जितेंद्र अभिषेकींच्या गळ्यात. दोन्ही चाली पु. लं.च्या. रेडिओवर ही गाणी ऐकलेला माणूस निवेदकाने नाव घेतल्यावर थबकतो. 'विनोदी लेखक ते हेच का?' हा प्रश्न त्याला पडावा, यात आपण मराठी माणसं थोडी कमी पडलो असं मला वाटतं.

आता खरा घाट लागतो. बाहेर एस.टी. घरघरतेय, पत्रा थरथरतोय, आणि तुमच्या मांडीवर टेपरेकॉर्डर आहे. ऐंशीचं दशक. तुम्ही खाजगी गाडीतून लाल डब्यात कधी आलात ते कळलंच नाही. शेजारी आश्रमशाळेचे मास्तर आहेत, बदली होऊन घाटावरून इकडे आलेले. पिशवीत कोरड्या सेलचा डबा आणि तीन कॅसेटी. त्यातली एक ते लावतात. 'म्हैस'.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एस.टी., वाटेत म्हैस आडवी येते, आणि मग गाडीतला जो तो बोलू लागतो. बगूनाना, उस्मानशेट, झंप्या दामले, सुबक ठेंगणी, म्हशीचा मालक धर्मा मांडवकर. एकाच माणसाचा गळा, साथीला पेटीसुद्धा नाही. तुम्ही या वेळी गोष्टीकडे लक्ष देऊ नका, आवाजांकडे द्या. उस्मानशेट बोलतात तेव्हा वाक्य शेवटाला वर उचललं जातं आणि तिथेच लोंबकळत राहतं. कोकणी बामण बोलतो तेव्हा ते नाकातून निघतं आणि शेवटचा शब्द दाताखाली धरला जातो. पुढारी आला की स्वर छातीत उतरतो, शब्दांमधलं अंतर वाढतं. प्रत्येकाची पट्टी वेगळी, लय वेगळी. एकाचं वाक्य कुठे तोडायचं आणि दुसऱ्याचं कुठे घुसवायचं, हा सगळा मेळ चित्रपटाचा वाद्यवृंद बसवलेल्या माणसाचा आहे. हशा येतो तो शब्द संपल्यावर नाही, सम पडल्यावर. मास्तर ओठ हलवत प्रत्येक वाक्य आधीच म्हणतात, मागच्या बाकावरचा कंडक्टर हसतो, आणि पुढे बसलेला, नागलीचं पोतं पायाशी घेतलेला म्हातारा वळून बघतो. त्याला रत्नागिरीची बोली कळत नाही. पण कोण मोठा, कोण घाबरलेला आणि कोण उगाच मधे बोलतोय, एवढं त्याला नुसत्या आवाजावरून समजतं. तोही हसतो.

उपरोधाने लिहिणाऱ्या गीतकाराची हीच तर कसोटी. न्यूमनने १९७७ साली बुटक्या माणसांची टर उडवणाऱ्याच्या तोंडून एक गाणं गायलं. तोच त्याचा विचार आहे असं समजून कितीतरी लोक खवळले. दुसऱ्याच्या तोंडून बोलणाऱ्याला ही जोखीम पत्करावीच लागते. 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा जे बोलतो ते पु. लं.चं मत नाही, अंतूच्या एकटेपणाचं आहे. पु. ल. त्या म्हाताऱ्याच्या वरचढ होत नाहीत. आवाज चिरका करतात, वाक्याआधी थांबतात, आणि त्या थांबण्यात त्याची सारी घुसमट ऐकू येते. चित्रपटाचा संगीतकारही असाच दुसऱ्याच्या प्रसंगासाठी झिजतो. ही एकाच कानाची दोन कामं.

एस.टी. उतारावर न्यूट्रलला येते. साल मागे सरकतं, १९७८. 'तीन पैशाचा तमाशा'. ब्रेश्टचं नाटक, कुर्ट वाइलच्या गाण्यांनी गाजलेलं, पु. लं.नी मराठीत आणलं. जब्बार पटेल यांनी थिएटर अकॅडमीसाठी बसवलं, अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे. चोर, भिकारी, पोलीस, आणि सगळ्यांच्या तोंडी गाणी. उपरोधाने गीतं लिहिणारे पु. ल. इथे उघडउघड समोर येतात. व्यवस्थेच्या तळाशी बसलेल्या माणसाला इथे पद मिळालं, चाल मिळाली आणि वर बसलेल्यांना ती ऐकावी लागली. दीड-दोन वर्षं आधीच आणीबाणी उठली होती. १९७७च्या निवडणुकीत पु. ल. जनता पक्षासाठी सभांतून बोलले होते, आणि निकाल लागल्यावर पुन्हा आपल्या कामाला लागले होते. त्या भाषणांची ध्वनिमुद्रणं या संचात असलीच पाहिजेत. त्यांत हशे आहेत, पण बोलणाऱ्याचा आवाज मजेत नाही. एवढे हशे मिळवलेला माणूस त्यांचा वापर एका भीतीविरुद्ध करतोय, हे त्या आवाजात ऐकू येतं. या सालाला वगळून पु. लं.ना 'हसवणारे' म्हणणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं.

आणखी एक साल आहे आणि तिथून डोळे मिटून जाता येत नाही. १९९२. गाडीतली कॅसेट तशीच वाजतेय. मुंबई-पुण्याच्या घराघरांत या काळात पु. लं.च्या कॅसेटी आहेत, दिवाळीत भेट म्हणून दिल्या जातायत. आणि जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लेकरं कुपोषणाने दगावली. मोठ्या पुढाऱ्यांच्या गाड्या याच रस्त्याने आल्या, कॅमेरे आले. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात. हातातल्या टेपमधला हशा बंद करावासा वाटतो, तर बंद करा. पु. लं.नाही तसंच वाटलं असतं, असं मला वाटतं. पुस्तकांतून आणि प्रयोगांतून आलेला पैसा त्यांनी आणि सुनीताबाईंनी स्वतःसाठी साठवला नाही. त्यांच्या प्रतिष्ठानाने तो समाजाच्या कामांना दिला, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं त्यातही त्यांचा मोठा हात होता. पण इथे उभं राहिल्यावर आणखी एक गोष्ट मनात येते. 'व्यक्ती आणि वल्ली'तली माणसं पाहा. रत्नागिरी, गिरगाव, पार्ले, पुणे, पारशी काका, नागपूरकर भय्या. या डोंगरातला एकही माणूस त्या दालनात नाही. हा पु. लं.वर ठपका नव्हे. त्यांनी ऐकलेली माणसं त्यांनी लिहिली. इकडे येऊन ऐकायचं काम मराठीत पुढे फारसं कुणी केलं नाही, हे दुखणं आपलं आहे.

मोखाडा. अंधार पडलाय, तुम्ही आजच्या सालात परत आलात. गावच्या चौकात टेंभे पेटलेत, संबळ तापवायचं काम चाललंय. जव्हार-मोखाड्याच्या गावांतून होळीपासून वैशाखापर्यंत बोहाडे होतात. रात्रभर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं नाचत येतात. आधी गणपती, मोरावर बसलेली शारदा, मग एकामागून एक. मुखवटे घराघरांत जपून ठेवलेले, अमुक सोंगाचा मान अमुक घराकडे. मुखवटा घातलेला माणूस दिवसा तुमच्यासारखाच, कुणी शेतकरी, कुणी मजूर, कुणी शिक्षक. संबळाचा ठोका बदलतो आणि पोरं ओरडतात, 'आला, आला!' अजून वळणाआड काही दिसत नाही. मुखवट्याआधी ठोका येतो. कोण येतंय ते ऐकून कळतं.

तुम्ही जागच्या जागी उभे राहता. घाटभर जे ऐकत आलात ते इथे टेंभ्यांच्या उजेडात चाललंय. एक माणूस, वर दुसऱ्याचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याची स्वतःची लय. पु. लं.च्या एकपात्री प्रयोगांना लोक 'बहुरूपी' म्हणत, तो बहुरूपी याच मातीतला. इकडे वाळवंड्याला भिकल्या लाडक्या धिंडा तारपा वाजवतात, नव्वदीच्या घरात पोचूनही. दुधी, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचं ते वाद्य, श्वास न तोडता वाजवायचं. त्यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. सन्मान झाला, उत्तम झालं. पण त्यांच्या आयुष्यभराच्या वाजवण्याची पेटी कुठे आहे? भात कापणीची चाल, लग्नातली चाल, तरुणपणी कशी वाजवली आणि आता कशी वाजवतात, सालवार लावलेली? पु. लं.ची निदान वेगवेगळ्या तबकड्यांवर तरी आहे, गोळा करता येते. इथलं पुष्कळसं वाजतं आणि हवेत जातं.

पहाटे देवी आणि महिषासुराचं युद्ध होतं, गाव पांगतं. संबळवाला हातपाय ताणून ओट्यावर बसलाय, बोटांना तेल लावतोय. तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसता, फोन काढता.

'बाबा, गणपतीच्या वेळची चाल आणि राक्षसाच्या वेळची चाल, दोन्ही परत वाजवाल का? नावासकट सांगाल?'

तो तुमच्याकडे बघतो, मग संबळ पुढे ओढतो. 'दोन कशाला? सोळा-सतरा आहेत. कधीची सांगू? माझ्या बापाची एक वेगळी होती गणपतीची.'

'आधी बापाची,' तुम्ही म्हणता आणि फोन त्याच्या हाताजवळ सरकवता.